बासच्या कागदावर ‘बघू’

दादांना कोणी फोन करून अमुक दिवशी वाजवायला येता का विचारलं, की दादा उलट एकच प्रश्न विचारत, “कपडे कुठले?”

संगीत कुठलं, हे ते कधीच विचारत नसत. ते कपड्यांवरून कळायचं. पांढरा कोट म्हणजे नाचाचा हॉल. लाल जाकीट म्हणजे सर्कस. काळा सूट म्हणजे मोठा वाद्यवृंद, गज घेऊन शिस्तीत वाजवायचं. आणि ‘काहीही घाला हो’ असं उत्तर आलं, की समजायचं जॅझ आहे. दादांची बायको शिवणकाम करायची. कपाट उघडलं की ती म्हणायची, “कपडे चौघांचे, आणि संसार मात्र मी एकट्याचाच करतेय.”

दादा डबल बास वाजवायचे. पुरुषभर उंचीचं, पोट सुटलेलं वाद्य. ते उभं धरायचं, त्याच्या मागे आपण उभं राहायचं, आणि या जोडीने बाकी सगळ्यांच्या मागे. कीर्तनात बुवा पुढे रंगलेले असतात, टाळ्या त्यांना पडतात. पण मागे टाळ धरणारा एक जण जरा सरकला की सगळं निरूपण लंगडायला लागतं. दादा ते मागचे. देवाने जगाचा भार कोणावर टाकायचा ते ठरवलं, तेव्हा त्याने या लोकांना विचारलं नसावं, आणि विचारलं असतं तरी यांनी ‘कपडे कुठले’ एवढंच म्हटलं असतं.

चाली बांधायचीही हौस होती. एका साबणाच्या जाहिरातीसाठी त्यांनी केलेली चाल गावातलं प्रत्येक पोर अंघोळीला गुणगुणायचं. ती कोणाची, हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं, साबणवाल्याच्याही लक्षात राहिलं नसावं. दादांना त्याचं काही वाटत नसे. म्हणजे वाटत नसे असं ते म्हणत. कारण स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून वर्षानुवर्षं ते एक संध्याकाळ भरेल एवढं स्वतःचं संगीत लिहीत होते, आणि ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने एकदा वाजवावं एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. एवढं कबूल त्यांनी फक्त बायकोजवळ केलं होतं, तेही ती मशीन चालवत असताना, म्हणजे अर्धं ऐकू जावं अशा बेताने.

केस पांढरे झाल्यावर तो योग आला. गावातल्या जुन्या सभागृहाच्या व्यवस्थापकाने एक संध्याकाळ देऊ केली. बाहेर फलक लागला, त्यावर दादांचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं. दादा रोज भाजी आणायला मुद्दाम त्या रस्त्याने जायला लागले. भाजीबाजार दुसऱ्या टोकाला होता.

हा झाला पूर्वरंग. आता घोडं कुठे अडलं ते ऐका.

जो माणूस आयुष्यभर ते धूड पाठीवर घेऊन जिने चढला-उतरला, पावसात, अंधारात, लिफ्ट बंद असताना, आणि ज्याला कधी साधं खरचटलंही नाही, तो माणूस एका सकाळी पायमोजा चढवताना पलंगावरून घसरला आणि डावं मनगट मोडून बसला.

“पायमोजा?” डॉक्टरांनी दोनदा विचारलं.

“डावा,” दादा म्हणाले, जणू उजवा असता तर गोष्ट वेगळी होती.

प्लास्टर कोपरापर्यंत चढलं. बासच्या तारा दाबणारा हात तोच. ड्रमवाला घरी आला. दोघांनी तरुणपणापासून शेजारी-शेजारी वाजवलेलं. त्यामुळे धीर देण्याची त्याची पद्धत वेगळी होती.

“दादा, रद्द करू नका. उजव्या हाताने समोर उभं राहून सगळ्यांना सांभाळा. बास दुसरा कोणी वाजवेल. कागद तर लिहिलेलेच आहेत ना?”

दादा प्लास्टर निरखू लागले.

“वहिनी, हे गप्प का झाले?”

“कागद बघा म्हणजे कळेल,” मशीनवरून मान न उचलता वहिनी म्हणाल्या.

ड्रमवाल्याने गठ्ठा उघडला. पियानोचे कागद भरलेले, ट्रम्पेटचे भरलेले, सॅक्सोफोनचे तर इतके बारीक की भिंग लागावं. ड्रमचेही होते, आणि कुठे दम खायचा तेही त्यात मायेने लिहिलेलं होतं. बासच्या पानांवर नुसत्या रेघा. वर कोपऱ्यात, प्रत्येक पानावर, एकच शब्द : बघू.

“हे काय?”

“अरे, ते मीच वाजवणार होतो,” दादा म्हणाले. “स्वतःला काय लिहून द्यायचं? उभा राहिलो की सुचतं.”

“म्हणजे सगळ्या जगाला पत्रावळी वाढल्या आणि स्वतःचं पान मांडायचंच राहिलं,” ड्रमवाला म्हणाला.

आता लिहावं म्हणून दादा टेबलाशी बसले. पण हातात बास नाही, कानात बाकीचे नाहीत, नुसती कोरी रेघ. त्यांनी चार स्वर लिहिले, खोडले, पुन्हा तेच लिहिले. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार. संध्याकाळी त्यांनी निर्णय सांगितला : ज्याला ‘बघू’ वाजवता येईल, असा बासवाला शोधायचा.

गावात बास वाजवणारे जे होते ते सगळे दादांचेच शिष्य. इथेच खरी गंमत आहे. प्रत्येक जण शिकला होता दादांकडेच, पण वेगवेगळ्या काळात.

पहिला आला तो थोराड, हसरा गृहस्थ. वाजवायचा सुरेख, पण दर ओळीच्या शेवटी एक जोरदार ठोका हाणायचा, की पियानोवरची फुलदाणी उडे.

“हे मधेच काय?” दादा वैतागले.

“झुल्यावरची बाई खाली उतरली की द्यायचा, सर.”

“इथे कुठे बाई उतरतेय?”

“तुम्हीच म्हणाला होतात, बाई उतरो न उतरो, आपण ठोका द्यायचा. लोकांना धीर येतो.”

हा सर्कशीच्या दिवसांतला शिष्य. दुसरा गज हातातून सोडेचना; बोटाने तार छेड म्हटलं तर त्याचा चेहरा असा झाला, जणू देवघरात चप्पल घालून जायला सांगितलं. तो काळ्या सुटाच्या दिवसांतला. तिसऱ्याचं तर काही विचारूच नका. तो काहीही वाजवो, चार ओळींनंतर त्यातून साबण निघायचा.

“कोणत्या गाढवाने शिकवलं याला?” तो गेल्यावर दादा म्हणाले.

बायकोने दोरा दाताने तोडला. “अहो, आज सकाळपासून गाढव एकच आहे, फक्त वेगवेगळ्या जाकिटांत येतंय.”

शेवटी आली धाकटी शिष्या. दिवसा ती टपालघरात पार्सलं तोलायची. तिशीची, कमी बोलणारी, पण बोलली की वजनाचं. दादांचं लक्ष लिखाणात असताना ती शिकायला आली होती, त्यामुळे तिला शिकवायचं बरंचसं राहूनच गेलं होतं. तिने कागद पाहिला.

“सर, ‘बघू’ म्हणजे नेमकं काय वाजवू?”

“असं बघ,” दादा म्हणाले आणि तोंडाने बास गाऊ लागले, डूम्, डु-डूम्. ती ऐकत ऐकत मागोमाग वाजवू लागली. ना ठोका, ना साबण. दादांचा चेहरा खुलला. “हीच.”

तालमी सुरू झाल्या सभागृहामागच्या खोलीत, जिथे जुन्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. दादा समोर उभे, उजव्या हाताने इशारे. आणि पहिल्याच दिवशी सगळं चिखलात गेलं. कोणी चुकत नव्हतं, तरी गाडा पुढे सरकेना. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या.

“दादा, इथे बास दोन आहेत. एक तुमच्या गळ्यातून येतोय, दुसरा त्याच्या मागून धावतोय. मी हात कोणाचा धरू?”

“माझ्या गळ्यातून? मी तर हूं का चूं केलं नाही.”

खोलीतले सगळे जण आपापल्या वाद्याकडे पाहू लागले. सॅक्सोफोनवाली तर आपल्या वाद्याच्या तोंडात काहीतरी पडल्यासारखं आत डोकावून पाहत बसली.

मग हळूहळू उलगडा झाला. दादा उभा जन्म वाजवताना गळ्यातल्या गळ्यात घुमत आले होते. हातातला बास त्याहून मोठा, म्हणून ते कोणाला ऐकू गेलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही. बायकोला तेवढं माहीत होतं. “झोपेतसुद्धा करतात. मला वाटायचं सगळेच नवरे करतात.”

उपाय झाले. लिमलेटची गोळी तोंडात धरली, तर दादांनी ती तालात कडाकडा फोडली. तोंडाला मफलर बांधला, तर मफलरमधून घुमू लागलं, आणि ट्रम्पेटवाला म्हणाला की हे जास्त भीतीदायक आहे. ओठ मिटून पाहिले, तर नाकातून.

चौथ्या तालमीनंतर धाकटी बास भिंतीला टेकवून दादांसमोर येऊन उभी राहिली.

“सर, तुम्ही गप्प राहिलात तर मी कदाचित चुकेन. पण तुम्ही गात राहिलात तर मी चुकले की नाही, हेही मला कळणार नाही. मला नुसतं तुमचं ओझं उचलायचं असेल तर दिवसा तेच करते मी. गप्प राहणार असाल तर उद्या येते.”

ती गेली. दादा घरी येऊन मशीनसमोरच्या स्टुलावर बसले, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून, मास्तरांनी वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.

“अगं, गप्प बसेन मी एकवेळ. पण मग ती तिच्या मनाचं वाजवणार. जे खाली आहे तेच दुसऱ्याचं झालं, तर वरचं माझं कसं राहील? एकदाच तर माझं म्हणून व्हायचं होतं.”

बायकोने मशीन थांबवलं. हे ती सहसा करत नसे.

“एक सांगा. इतकी वर्षं लोकांच्या चालींखाली तुम्ही काय वाजवत आलात? त्यांनी लिहून दिलेलं?”

“छे. ते कुठे लिहितात. मला सुचेल ते.”

“मग त्या बिचाऱ्यांपैकी कोणी येऊन विचारलं का, की आमची चाल आमची राहिली का?”

दादांनी मशीनवरचा दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, “एकाने विचारलं होतं. पण तो वाजवायचाच वाईट.”

दुसऱ्या दिवशी ते तालमीला पाण्याची बाटली घेऊन गेले. प्रत्येक चालीआधी एक मोठा घोट तोंडात घ्यायचा आणि चाल संपेपर्यंत तो तसाच धरायचा. घुमायचं म्हटलं तर ठसका लागणार. दादांना तोंडात पाणी धरून उभे असलेले पाहून ड्रमवाल्याला पहिले दोन दिवस हसू आवरेना. पण गाडा चालू लागला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. सुरुवातीलाच घोळ झाला, दादांनी घोट घेतला आणि तेवढ्यात व्यवस्थापक माईकपाशी येऊन म्हणाला, “दादा, दोन शब्द बोला.” दादांनी गाल फुगवून गंभीरपणे मान हलवली, छातीवर हात ठेवला आणि वाद्यांकडे वळले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. असा भरून आलेला कलावंत त्यांनी पाहिला नव्हता.

पहिल्या दोन चाली सुरळीत गेल्या. तिसरी संथ होती. दादांनी ती वडील गेले त्या वर्षी लिहिली होती, आणि तिच्या मधोमध एक जागा होती, जिथे वरची वाद्यं एक लांब स्वर धरून थांबतात आणि खालून बासने उचलून न्यायचं असतं. दादा असते तर त्यांनी तिथे पायरी-पायरीने वर जाणारी ओळ टाकली असती. त्यांच्या गळ्यात ती ओळ तयार होऊन बसली होती.

धाकटीने काहीच वाजवलं नाही.

स्वर अधांतरी राहिला. ड्रमवाल्याने दादांकडे पाहिलं. दादांच्या गालांत पाणी हललं. ती तारेवर बोट ठेवून उभी होती, डोळे मिटून, घाबरलेली मुळीच दिसत नव्हती. सभागृहातल्या एवढ्या माणसांचा श्वास त्या एका बोटावर येऊन थांबला, आणि मग अगदी तळातून, सगळ्यात जाड तारेवर, एकच स्वर आला. तो वर गेला नाही. त्याने नुसता हात पुढे केला आणि वरचं सगळं त्यावर येऊन टेकलं.

दादांनी पाणी गिळलं.

त्यानंतर त्यांनी बाटलीला हात लावला नाही. गळ्यातून काही आलंही नाही. येणार कसं, ते ऐकत होते. बास समोरून कसा ऐकू येतो, हे या माणसाला आयुष्यात प्रथमच कळत होतं, कारण आजवर ते सतत त्याच्या मागे उभे होते. तो कानाआधी पायांना कळतो. दादांनी नकळत पाय थोडे फाकवून रोवले, जमीन नीट लागावी म्हणून. चाल ओळखीची होती, त्यांचीच होती, पण घरात नवी खोली निघावी तशी ती मोठी झाली होती. एका चालीत तर ते हात हलवायचंही विसरले आणि कोणाचं काही अडलं नाही.

टाळ्या बराच वेळ चालल्या. नंतर मागच्या खोलीत, खुर्च्यांच्या त्या ढिगाजवळ, मोठ्या वाद्यवृंदाचे वृद्ध संचालक काठी टेकत आले. त्यांच्या हाताखाली दादा काळ्या सुटात उमेदीची कितीतरी वर्षं उभे होते, आणि त्या काळात संचालकांनी त्यांच्याशी बोललेलं वाक्य ‘जरा बाजूला सरका’ एवढंच होतं.

“सुंदर,” संचालक म्हणाले. “फार सुंदर. एक विचारायचं होतं. बास कोण वाजवत होतं?”

दादांनी धाकटीला पुढे ओढून उभं केलं. संचालक तिच्याशी बोलत राहिले, पुढच्या हंगामात येणार का विचारत राहिले. तिने दादांकडे पाहिलं, मग संचालकांना विचारलं, “कपडे स्वतःचे चालतील ना?”

दादा बाजूला बायकोपाशी येऊन खुर्चीवर टेकले.

“बघितलंस? जन्मभर मागे उभा राहिलो, तेव्हा एकानेही विचारलं नाही, मागे कोण आहे. आज एक दिवस पुढे उभा राहिलो, तर विचारतायत मागे कोण होतं.”

“वाईट वाटलं?”

दादांनी प्रामाणिकपणे विचार केला. “थोडंसं. पण प्रश्न बरोबर विचारला त्यांनी.”

“मग चला घरी,” ती म्हणाली आणि त्यांचा कोट त्यांच्या खांद्यावर टाकू लागली. प्लास्टरचा हात बाहीत जाईना, तेव्हा तिने तिथल्या तिथे बाहीची शिवण उसवायला घेतली. दादा हात लांब करून उभे राहिले. पलीकडे धाकटी संचालकांना काहीतरी समजावत होती आणि ड्रमवाला मधेमधे आपलं घोडं पुढे दामटत होता. दादांच्या गळ्यात हळूच काहीतरी घुमायला लागलं. ती मधली शांतता जिथे संपली होती, तो स्वर होता तो, धाकटीचा.

“हलू नका,” बायको म्हणाली. “कात्री लागेल.”