रॉडरिकवरचं गाणं

लव्हेल प्रुइटची रॅपची कॅसेट रेडिओवर एकदाही वाजली नाही. चौऱ्याण्णव साली अमेरिकेत, मेम्फिसमध्ये, मावशीच्या स्वयंपाकघरात त्याने ती रेकॉर्ड केली आणि गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या दुकानांतून हातोहात खपवली. ऑरेंज माउंड या त्याच्या वस्तीतल्या पोरांना ती तोंडपाठ होती. पुढची कॅसेट मात्र पडली, तिसरी निघालीच नाही, आणि लव्हेल सिटी बस चालवायला लागला.

चोवीस वर्षांनी कुणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर टाकली. मग जर्मनीहून एका माणसाचा फोन आला. अल्बम नव्याने, मोठ्या तबकडीवर काढू म्हणाला. लव्हेल आठवडाभर हवेत होता.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं रॉडरिकवर होतं. रॉडरिक लव्हेलच्याच वर्गातला. एकोणिसाव्या वर्षी त्याला भर दुपारी गोळ्या घातल्या. कुणी, ते कधी कळलंच नाही. गाण्यात लव्हेल म्हणत होता, मी तिथेच उभा होतो, हा पालथा पडला आणि आईला हाका मारत मेला. त्यावर तो खदखदून हसला होता. ते हसूही कॅसेटवर होतं.

रविवारी प्रार्थना संपून चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची ताटं वाढली जात होती, तेव्हा रॉडरिकची आई मिस ओडेसा काठी टेकत त्याच्या टेबलाशी आली.

"उठू नकोस, बस. नातीच्या फोनवर ऐकलं तुझं गाणं."

लव्हेलने हातातला घास ताटात परत ठेवला. "मिस ओडेसा, तेव्हा मला अक्कल नव्हती."

"ती कुणालाच नव्हती. रागवायला नाही आले मी. एवढंच सांग, माझ्या पोराने खरंच मला हाक मारली?"

'हो' म्हणणं सोपं होतं. तिचा चेहरा पाहून ते ओठांवर आलंही.

"मी तिथे नव्हतोच," तो म्हणाला. "काकाकडे गेलो होतो, मिलिंग्टनला. ते सगळं मनाने रचलं. यमक जुळत होतं म्हणून."

"आणि हसलास कशाला?"

"मी कुणाला भीत नाही असं वाटावं म्हणून."

मिस ओडेसा खुर्ची ओढून बसली.

"तीन आठवडे मी त्याला ओ देतेय," ती म्हणाली. "भांडी घासता घासता म्हणते, आले रे बाळा." मग काठी हातात घेऊन उठली. "ते पुसून टाक, लव्हेल."

सोमवारी त्याने जर्मनीला फोन लावला. ते एक गाणं वगळा, बाकीची काढा.

"लोक त्याच गाण्यासाठी अल्बम मागतायत," माणूस अदबीने म्हणाला. "खरं आहे म्हणून."

"खरं नाहीये ते."

"हे कृपा करून कुणाला सांगू नका."

"मग अल्बमच नको," म्हणून लव्हेलने फोन ठेवला. तबकडी निघाली नाही. इंटरनेटवरून मात्र गाणं हटेना. एका ठिकाणचं काढलं की दोन ठिकाणी दिसायचं. मिस ओडेसाच्या ओसरीवर जाऊन त्याने हे कबूल केलं.

"म्हणजे ते राहणारच," ती म्हणाली.

"राहणार."

"मग विचारेल त्याला सांगत जा, तू तिथे नव्हतास."

तो सांगतो. बसमध्ये चढणारी पोरं त्याला ओळखतात, गाण्याबद्दल विचारतात. सिग्नलला गाडी थांबली की तो मान वळवून म्हणतो, मी तिथे नव्हतो, ते खोटं आहे. पोरं एकमेकांना डोळा मारतात. इतक्या वर्षांनीही त्या खुनाबद्दल तोंड उघडत नाही, पक्का गडी आहे, म्हणतात, आणि मागे जाऊन बसतात.