पानी मागणारं पोर

आकाराम फौजींना चार माणसं जमली की एकच गोष्ट सांगायची खोड होती. त्या गोष्टीनंच शेवटी त्यांचं घर खाल्लं.

एकाहत्तरच्या लढाईत फौजी बंगालच्या सरहद्दीवर होते. तिथं निर्वासितांच्या छावणीत पटकी आली, माणसं पटापट गेली, आणि पाचेक वर्षांचं एक पोर आईच्या मढ्यापाशी तसंच बसून राहिलं. फौजींच्या घरी पाळणा हललेला नव्हता. छावणीच्या साहेबाला गळ घालून त्यांनी पोर मागून घेतलं आणि रजेवर आले ते त्याला खांद्यावर घेऊनच. त्यांच्या बायकोनं, मनुबाईंनी, त्याला उंब्रजच्या बाजारातून कापडं आणली आणि उदयसिंह नाव ठेवलं. "पोरगं मला पयला शब्द काय बोललं आसंल?" फौजी विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, "पानी! बंगालातलं पोर, आन् बोली आपली. पयल्याच दिवशी मला आबा म्हनाय लागलं. द्येवानंच धाडलं हुतं त्ये."

गावाला देवाचं धाडणं वगैरे काही दिसलं नाही. त्या सुमाराला निर्वासितांसाठी म्हणून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट चिकटवावं लागायचं, तेवढं मात्र बरोबर दिसलं. पोरं त्याला पाचपैशा म्हणू लागली, आणि पोरांचं काय घेऊन बसलात, मास्तरही हजेरीला तेच म्हणायचे. उदयसिंहानं मुकाट्यानं सोसलं. सांगलीला इंजिनिअर झाला, साताऱ्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये पंप बनवू लागला, आणि बघता बघता त्याचे पंप कवठे महांकाळच्या माळावर पाणी चढवू लागले. मग त्याच गावातली पोरं नोकरीसाठी त्याच्या केबिनबाहेर बसू लागली. पाचपैशाचा साहेब झाला. गाव असल्या बाबतीत फार समंजस असतं.

मनुबाई गेल्या तेव्हा अग्नी त्यानंच दिला. भावकीनं हूं की चूं केलं नाही, कारण भावकीतली निम्मी पोरं त्याच्याच कारखान्यात होती. "माज्या मढ्याला बी ह्योच आग लावंल," असं फौजी त्या दिवशी घाटावर सगळ्यांदेखत म्हणाले. उदयसिंहाला आयुष्यात एवढीच एक गोष्ट हवी होती. बंगला, गाडी, नाव सगळं त्यानं स्वतः कमावलं होतं. ही एकच गोष्ट त्याला कुणीतरी आपला म्हणून दिली होती.

यंदा तो जिल्ह्यातल्या उद्योजकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. गावानं सत्कार ठेवला, जेवणावळी त्याच्याच पैशानं घातल्या, आणि फौजींनी काठी टेकत माइकवरून आपली गोष्ट सांगितली. पंगतीत लालासाहेब बसला होता. हा फौजींच्या पुतण्याचा, जयराजचा, मेहुणा. विट्याचा माणूस, कोलकात्यात त्याचं गलाईचं दुकान, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचा धंदा. धंदाच कस लावायचा, त्यात माणूस खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. जिलबी मोडता मोडता त्यानं शेजारच्याला सांगितलं, "पानी? तिकडं हिंदू जल म्हनत्यात. पानी म्हननार ते मुसलमान."

ताटावरून उठेपर्यंत पंगतभर झालं. कुणीतरी सुंतेचं विचारलं, तर तिकडं पोरगं मोठं झाल्यावर करतात, असं त्यानं सांगून टाकलं. ज्यांच्या हाताला अजून उदयसिंहाच्या वरणाचा वास होता, तेच हात कानाला लावून शिव शिव करू लागले. मला विचाराल तर त्या दिवशी गावात एकच निर्मळ गोष्ट होती, ती म्हणजे ते वरण.

जयराज दुसऱ्या दिवशी चुलत्याच्या पायाशी येऊन बसला. त्यानं आवाज चढवला नाही, उदयसिंहाचं नावही घेतलं नाही. चुलती आता कुठं असेल, एवढंच म्हणाला. मुसलमानाच्या हातची आग लागली, तिला गती कशी मिळायची? मनुबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा हा पठ्ठ्या एकदा तोंड दाखवायला आला नाही. आता मात्र चुलतीच्या गतीच्या काळजीनं त्याचा जीव खालीवर होत होता, आणि नदीकाठच्या उसाच्या रानाचा विचार तर त्याच्या मनाला शिवलाच नव्हता म्हणे.

फौजींनी अन्न सोडलं. स्वतःसाठी नव्हे, लढाईतल्या माणसाला मरणाचं भय नसतं. मनुबाई कुठंतरी अंधारात वाट शोधत फिरते आहे, असं त्यांना वाटू लागलं आणि डोळ्याला डोळा लागेना. त्यांनी साताऱ्याहून उदयसिंहाला बोलावून घेतलं. सगळ्यांना बाहेर काढलं आणि विचारलं, "पयल्या दिवशी मला आबा म्हनालास. कुनी शिकवलं हुतं?"

खोटं बोलायला एक शब्द पुरे होता. तुम्हीच शिकवलंत असं म्हटलं असतं तरी म्हाताऱ्यानं पटवून घेतलं असतं, कारण त्याला पटवूनच घ्यायचं होतं. पण ज्या माणसाला आयुष्यभर आबा म्हटलं त्याच्या डोळ्यात बघून उदयसिंहाला ते जमलं नाही.

"कुनी न्हाई, आबा. घरात आमी बापाला आब्बाच म्हनायचो."

"म्हंजे तुला म्हायती हुतं."

"कॉलेजात एक बंगाली पोरगा हुता. त्याच्यामुळं समजलं."

"आन् तरी मनुला आग दिलीस?"

"ती माजी आई हुती, आबा."

फौजींनी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं आणि जयराजला हाक मारली.

मेलेल्या माणसाचा देह हाती नसेल तर दर्भाचा पुतळा करून जाळतात. मनुबाईंचा देह तर कधीच राख होऊन कृष्णेतून वाहून गेला होता. भटजींनी पोथीत वाट शोधली, आणि शोधली की ती सापडतेच. कराडच्या संगमावर पुतळ्याला जयराजच्या हातून नव्यानं अग्नी द्यायचं ठरलं. गाडी उदयसिंहाचीच होती आणि चालवायलाही तोच होता. म्हाताऱ्याला घाटाच्या पायऱ्या उतरवेनात, तेव्हा त्यानंच त्यांना दोन्ही हातांवर उचलून खाली नेलं. जयराजनं तेवढं चालवून घेतलं.

पुतळा मांडून झाला. भटजींनी संकल्पासाठी नाव विचारलं, गोत्र विचारलं, मग म्हणाले, "बाईंना मुलगा?"

उदयसिंह दोन हातांच्या अंतरावर उभा होता. फौजींनी त्याच्याकडं पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "निपुत्रिक गेली."

भटजींनी मान डोलावली आणि पेटता पलिता जयराजच्या हातात दिला. जयराज मागं वळून म्हणाला, "साहेब, तुमी जरा वर थांबा."

उदयसिंह चार पायऱ्या वर गेला आणि थांबला. गाडीपर्यंत गेला नाही. विधी आटोपल्यावर म्हाताऱ्याला उचलून वर आणायला कुणीतरी लागणार होतं.