आग साठवणारी विहीर

मी एक जुनी विहीर आहे. जाम गावच्या चौकातून आत वळणाऱ्या रस्त्यावर, बौद्ध वस्तीच्या कडेला माझी जागा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही आणि ती गोड करून सांगायची माझी इच्छाही नाही.

गावच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरू देत नसत, त्या माणसांनी मला खणलं. तानबा त्यांच्यात पुढे होता. पहार आणि घमेली घेऊन बायका-पुरुष काळ्या मातीतून मुरमात आणि मुरमातून खडकात उतरले. पाणी लागलं तेव्हा तानबा पहिली ओंजळ प्यायला आणि तिथेच बसून रडला. पुढे एका उन्हाळ्यात गावची विहीर आटली. तेव्हा विटाळ मानणारेही घागरी घेऊन माझ्याकडे आले. वस्तीनं कोणालाच परत पाठवलं नाही. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

मग शेजारच्या पडीक रानात गॅसची कंपनी आली. गॅस खूप खोल, खडकात अडकलेला होता. जमिनीत भोक पाडायचं, त्यात पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड जोरानं दाबायची आणि खडक फोडायचा, असं त्यांचं काम. त्यासाठी लागणारं पाणी त्यांनी टँकर लावून माझ्यातूनच नेलं. माझ्याच पाण्यानं माझ्याखालचा खडक फोडला.

त्यांच्या बोरच्या कडेनं भरलेलं सिमेंट कच्चं होतं. तिथून निसटलेला गॅस वाट काढत माझ्यापर्यंत पोचला. पाण्यावर बुडबुडे येऊ लागले, रॉकेलसारखा वास सुटला. म्हशी तोंड लावेनात. लेकरांच्या अंगावर पुरळ उठलं.

तानबाची सून कमलाबाई कंपनीच्या साहेबांकडे गेली.

"साहेब, पानी खराब झालं. लेकरायले काय पाजू?"

"विहीर जुनी झाली, आजी. तुमच्या वस्तीची घाण मुरते तिच्यात. झाकून टाका."

वस्तीची घाण. हे शब्द मी पूर्वीही ऐकले होते.

लेकरांनी पाणी पिऊ नये म्हणून वस्तीनं माझ्या तोंडावर पत्रे टाकले. त्या अंधारात मी गॅस साठवत राहिले. मला बदला हवा होता आणि मला घाई नव्हती.

तक्रारी वाढल्या तेव्हा तहसीलदार मोहिनीबाई पाहणीला आल्या. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "या विहिरीत गॅस नाही. माझी खात्री आहे."

कमलाबाईनं कापसाची वाळलेली पऱ्हाटी पेटवून त्यांच्या हातात दिली आणि पत्रा थोडा सरकवून धरला.

"नाई म्हन्ता ना? मंग टाका आत. काऊन भेता?"

माघार घेतली असती तर साहेब सगळ्यांसमोर खोटे पडले असते. ते हसले आणि त्यांनी ती पेटती काडी आत टाकली.

जे साठवलं होतं ते मी एका श्वासात बाहेर फेकलं. ज्वाळा पत्र्याच्या फटीतून भसकन वर आली. साहेब धडपडत मागे कोसळले. भुवया गेल्या, मिशी गेली. माझ्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत भीती होती. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

मोहिनीबाईंनी त्याच दिवशी काम थांबवलं. पुढे ती बोर बुजवली गेली. पण पत्रा धरलेला कमलाबाईचा हातही भाजला होता. आगीला माणसं ओळखता येत नाहीत. माझं पाणी अजून कोणी पीत नाही. वस्ती टँकरची वाट पाहते.

हाताला पट्टी बांधून कमलाबाई परवा आली आणि माझ्या काठावर टेकली. "तुह्यासाठीच केलं, माय," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या गावात असं काम आलं तर आधी विचारा, जमिनीत काय सोडणार आणि वर काय येणार. पाण्याला जपा. आमच्या पोटात जे ओताल ते आम्ही सांभाळून ठेवतो, आणि परत करताना समोर कोण उभं आहे ते आम्हाला दिसत नाही. कमलाबाईच्या हाताचं मला रोज वाईट वाटतं. साहेबांच्या भुवयांचं अजून एकदाही वाटलेलं नाही.