निळ्या भुकटीचा वाटा

आमच्या चेंदणी कोळीवाड्यात दोराला हात लावला, त्याला वाटा. मग तो होडीचा मालक असो, नाहीतर जाळं ओढायला सहज पुढे झालेली म्हातारी असो. तिच्या टोपलीत मूठभर का होईना, मासळी पडतेच. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. शाळेत मी फार बसलेच नाही.

माझी मालू मात्र शिकली. बी.एस्सी. झाली आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत संशोधनाच्या एका लहानशा लॅबमध्ये लागली. उंदराच्या पाठीवर जखम करायची आणि ती कशाने लवकर भरते ते बघायचं, हे तिचं काम. मी म्हटलं, "जखम करायला एवढं शिकावं लागतं होय? मासळीबाजारात माझ्याकडे ये, सुरी देते हातात."

ब्याण्णव साल असेल. लॅबला एक भुकटी हवी होती. अंगातल्या प्रथिनाचा बारीकसा तुकडा आणि त्याला तांबं जोडलेलं, असं मालू सांगायची. पेप्टाइड म्हणतात. इथे कुणी बनवत नव्हतं. अमेरिकेतून मागवायची, कागदपत्रं करायची, मग वाट बघत बसायचं. पहिली बाटली कस्टमच्या गोदामात पडून राहिली, बर्फ वितळला आणि आतल्या भुकटीचा चिकट गोळा झाला. लॅबच्या सायबांनी कणभरही वापरली नाही, टाकून दिली.

त्याच वर्षी आमच्या ह्यांच्या, गोमाजींच्या, पायात शिंगाळा माशाचा काटा गेला. खाडीत जन्म गेलेला माणूस, काट्याला काय भीक घालणार? पण अंगात साखर होती. जखम मिटेना. मी रोज धुवायची, पट्टी बांधायची, आणि पट्टी सोडताना नाकाला पदर लावायची नाही, त्यांना दिसेल म्हणून. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पाय काढावा लागेल.

आणि एका दुपारी मालू थर्माकोलचं खोकं छातीशी धरून दारात उभी. दुसरी बाटली आलेली. विमानतळावरून सोडवून घेतली आणि फोन केला, तर लॅबचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, फ्रीज बंद.

"आये, तुझी बर्फाची पेटी दे."

"आणि बांगडे कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"केशरमावशीकडे दे ना. खडं मीठ आहे का? बर्फात घालायचंय. नुसत्या बर्फाने भागायचं नाही."

बांगडे शेजारच्या केशरबाईच्या पेटीत गेले. मी बर्फ फोडला, मीठ कालवलं. मालूने बाटली पिशवीत, पिशवी डब्यात, असं करून मधोमध पुरली.

"उघड तरी. बघू दे कसला हिरा आणलायस."

"गार बाटली उघडली की हवेतलं पाणी आत धरतं. आधी ती बाहेरच्या हवेइतकी उबदार व्हायला लागते."

काचेतूनच दाखवली. मोरचुदासारखी निळी. चिमूटभरही नाही.

डोंबिवलीला लाइट येईपर्यंत मी त्या पेटीचं बाळंतपण केलं. पाणी काढ, बर्फ घाल, मीठ घाल. निरोप आला तशी मालू खोकं भरायला बसली. मी समोर जाऊन उभी राहिले.

"माझा वाटा ठेव."

"कसला वाटा?"

"पेटी माझी, बर्फ माझा, राबले मी. नखभर ठेव. बाबाच्या पायाला लावते."

"आये, ही माणसाला लावायची नाही. बाटलीवर लिहिलंय, फक्त प्रयोगासाठी."

"उंदराला चालते आणि बापाला चालत नाही? उंदीर काय तुझे सासरचे लागतात गो?"

"अगं, ती शुद्ध आहे की नाही हेसुद्धा आम्ही अजून तपासलं नाही. उघड्या जखमेतून काही भलतंच रक्तात गेलं तर? पाय राहू दे, बाबाच जातील."

"आणि पाय कापल्यावर काय नाचणार आहेत?"

खाटेवरून हे बोलले, "सगुणे, पुरे. पोरीच्या हातात दुसऱ्याचा माल आहे." मग मालूला म्हणाले, "जा बाय, बर्फ वितळेल."

ती त्यांच्या पट्टीकडे बघत थोडी थांबली. आणि गेली.

पाय गुडघ्याखाली कापला. नारळी पुनवेला सगळे वाजतगाजत खाडीवर गेले, हे दारात बसून होते. नारळ त्यांनी धाकट्या भावाच्या, दामाजीच्या, हातात दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. शिमग्याच्या आधी गेले. बाराव्याला सगळ्या वाड्यादेखत मी म्हणाले, "हिच्याकडे औषध होतं." पुढे मी मालूला ताटात वाढत होते, पण तिच्याशी बोलत नव्हते.

काही वर्षांनी ती लॅब बंद पडली. मालू घरी बसली. एका सकाळी ओट्यावर आम्ही दोघी कोळंबी सोलत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या उंदरांचं काय झालं गो?"

तिने मान वर केली नाही. "भरल्या जखमा."

मला ठाऊकच होतं.

"भुकटी लावली त्यांच्या भरल्या," ती म्हणाली, "आणि नुसतं मिठाचं पाणी लावलं त्यांच्याही तेवढ्याच वेळात भरल्या. धडधाकट उंदीर होते आये. बाबांसारखी साखर नव्हती त्यांना."

"म्हणजे बाबाला लागू पडली असती की नसती?"

"माहीत नाही."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकून."

इतकी वर्षं मी धरून चालले होते की उत्तर हिच्यापाशी आहे आणि ही ते माझ्यापासून लपवतेय. आता भांडायलाही काही राहिलं नाही. सालींचा ढीग मी उगाच इकडचा तिकडे केला.

शेवटची कोळंबी सोलून मालू म्हणाली, "त्या दिवशी बाबा मधे बोलले नसते ना, तर मी दिली असती."

मी चहा ठेवते म्हणून आत गेले. स्टोव्हपाशी उभी राहून काडेपेटी शोधत राहिले, आणि ती माझ्या हातातच होती.