मागच्या बाकाखालचा सांधा

विषय : वैशाखरे–मुरबाड मोटारीत तान्हं मूल निपचित पडल्याबाबत.
स्थळ : मुरबाडच्या अलीकडचा धान्यबंदीचा नाका. सन १९४३.

वरील विषयी निवेदन करणारा मी त्या मोटारीचा गॅस-प्लँट बोलतोय. लोक मला भट्टी म्हणतात. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा कल्याणच्या एका लोहारानं जुन्या पिंपापासून मला घडवलं आणि मोटारीच्या पाठीला बांधलं. तेव्हापासून मी कोळसा खातो आणि मोटार चालते. चढावर उतारूंना उतरून ढकलावं लागतं, पण तिकीट त्यांना पूर्ण पडतं.

माझ्या पोटात काय चालतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कोळसा घन. त्याचे कण एकमेकांना घट्ट धरून, जागा न सोडता, जागच्या जागी थरथरतात; कचेरीतल्या मुरलेल्या नोकरांसारखे. पाण्याचे कण थोडे सैल. एकमेकांना खेटूनच, पण सरकत राहतात. धसईच्या बाजारातल्या माणसांसारखे. वायूचे कण मात्र कुणाचे कुणी नसतात. धावतात, आपटतात, वळतात आणि मिळेल ती सगळी जागा भरून टाकतात. खोली लहान की मोठी, हे ते विचारत नाहीत.

मला हवा बेताची देतात, म्हणून कोळसा अर्धवटच जळतो. त्यातून निघणारा वायू बाकांखालच्या नळीतून इंजिनाकडे जातो. त्याला रंग नाही, वासही जवळजवळ नाही. तो माणसाच्या रक्तात शिरला, की चांगल्या हवेची जागा अडवून बसतो. भरपूर मोकळ्या हवेनं उठवल्याशिवाय उठत नाही.

मागच्या बाकाखाली माझ्या नळीचा सांधा फाटला होता. मोटार चालू असली की इंजिन वायू ओढून घेई, त्यामुळे फटीतून उलट बाहेरची हवाच आत येई. मोटार उभी राहिली, की भट्टी विझू नये म्हणून हाताचा पंखा फिरवावा लागे. तेव्हा तोच वायू फटीतून बाहेर ढकलला जाई. हे मला ठाऊक होतं. मला तोंड नव्हतं.

त्या दिवशी मागच्या बाकावर वैशाखऱ्याची सकुबाई आणि तिची बाळंतीण लेक चंदा होती. चंदा तान्हा मुलगा घेऊन कल्याणला सासरी निघाली होती. वारा लागू नये म्हणून सकुबाईनं मागचे किंतानाचे पडदे चहूकडून बांधून घेतले होते. बाळाच्या गादीत तिनं घरचे तांदूळ शिवले होते, हेही त्याला कारण होतं. परवान्याशिवाय तांदूळ नेण्याला बंदी होती.

नाक्यावर शिपायानं मोटार थांबवली. ड्रायव्हर जयराम म्हणाला, "मावशे, उतर गो. झडती हाय."

"मी उतरते. लेक नाय उतरायची. वारा लागला तर तू औषध करशील?"

शिपाई भला माणूस. म्हणाला, "बसू दे तिला आत. आम्हालाही आयाबहिणी आहेत."

हा भलेपणा पडद्याआडच्या दोघांना महागात पडणार होता.

सकुबाई खाली उतरून पडद्याशी पहाऱ्याला उभी राहिली. शिपाई एकेका गाठोड्यात लोखंडी सळई खुपसून बघू लागला. क्लीनर कोंडू माझा पंखा फिरवत होता.

"जोरात फिरव," जयराम म्हणाला. "विझली तर सांज हितंच."

"तू ये ना फिरवायला."

"मी ड्रायव्हर हाय."

"म्हणून तर बसून हायस."

पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यासरशी माझे कण फटीतून सुटत होते आणि पडद्याआडची जागा भरत होते. आतून चंदा म्हणाली, "आये, डोकं चढलंय गो."

"जागरणाचं हाय. पड जरा."

बाळ रडत होतं. मग कण्हू लागलं. मग थांबलं.

"निजलं एकदाचं," सकुबाई म्हणाली.

झोप आणि ही शुद्ध हरपणं बाहेरून सारखीच दिसतात. मी कोंडूचा हात भाजावा म्हणून तापलो. त्यानं हाताला फडकं गुंडाळलं आणि पंखा आणखी जोरानं फिरवला.

शिपाई मागे आला. "लेकरू रडत कसं नाय?"

"निजलंय."

"एवढ्या गलक्यात?" गेल्या बाजारी याच नाक्यावर एका बाईच्या कडेवरचं लेकरू तांदळाचं निघालं होतं. त्याला टोपडं होतं, तीटही होती. शिपायाला त्यावरून वरिष्ठांची शाबासकी मिळाली होती. त्यानं सळई उचलली. "बाजूला हो, बाय."

"सळई नको रं, माझा नातू हाय तो." सकुबाई आडवी झाली. तिला ढकलून त्यानं पडदा फाडला आणि दुपट्यातलं गाठोडं ओढून बाहेर घेतलं.

गाठोडं ऊन होतं, आणि त्याची मान लोंबत होती. शिपायाच्या हातून सळई पडली.

उघड्या माळावर माझे कण विरळ होत गेले. एवढ्या आभाळाला ते पुरणार नव्हते. बायांनी चंदाला उचलून बाहेर आणलं. "बाळंतीण वाऱ्यात काढली," एक म्हातारी कुरकुरली. सगळे दुपट्याकडे बघत होते. सकुबाई बाळाचे तळवे चोळत होती.

बऱ्याच वेळानं दुपट्यातून बारीक आवाज आला. मग मोठा. चंदाला उलटी झाली आणि तिनं पहिल्यांदा विचारलं, "माझं पोर कुठं?"

पुढे पंचनामा झाला. गादीतले तांदूळ त्यात आले. वायू आला नाही, कारण तो जप्त करता येत नाही.

जयरामनं कोंडूला पुन्हा पंखा फिरवायला लावून बाकाखाली ओला हात धरला. फुंकर लागली. हात तसाच ठेवून तो खाली बसला.

नवा सांधा मिळावा म्हणून मालकांनी अर्ज केला आहे. जुना सांधा फाटल्याचा दाखला जोडावा, असं उत्तर आलं. दाखला देणाऱ्या साहेबांनी सांधा समक्ष हजर करायला सांगितलं. तो काढला तर मोटार बंद, म्हणून काढलेला नाही. जयराम रोज सकाळी त्यावर ओल्या मातीचं लिंपण करतो. वाटेत मी तापतो, मातीतल्या पाण्याचे कण वाफ होऊन निघून जातात आणि मुरबाड येईतो लिंपणाला तडा जातो.

उतारूंना विनंती, की मोटार उभी असताना मागचे पडदे उघडे ठेवावेत. बाळंतिणी ऐकत नाहीत. उद्याच्या खेपेला एक आहे.

अर्ज विचाराधीन आहे.