सात दिवसांची ऊब

शीतगृहात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक थंडोबा म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? नाव चिकटलं कामावरून, पण स्वभावालाही शोभलं. कॉम्प्रेसर बंद पडो की साहेब आरडाओरडा करो, थंडोबाचा आवाज कधी चढला नाही. नवा माणूस कामावर आला की पहिल्याच दिवशी तो त्याला चेंबरच्या दाराशी उभं करून सांगायचा, "सफरचंद झाडावरून उतरलं म्हणजे मेलं असं समजू नकोस. ते श्वास घेत असतं. जितका जोरात श्वास, तितकं लवकर म्हातारपण. म्हणून माल आला की लगेच थंडीत घालायचा. एक तास दवडलास तर त्याच्या आयुष्याचे चार दिवस खाल्लेस." हे सत्तावीस वर्षं खरं ठरलं होतं, आणि घोटाळा तिथंच झाला.

ताईची सफरचंदं निराळी होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. लहानपणी तिनं त्याचं नाक पुसलं होतं आणि अजूनही संधी मिळाली तर पुसलं असतं. भाऊजींच्या बागेत सगळी जुनी, खात्रीची झाडं. त्यात ताईनं हट्टानं एका नव्या जातीच्या चार ओळी लावल्या. "हौस म्हणून ठीक आहे," म्हणून भाऊजी हसले होते. पाच वर्षं तिनं ती झाडं स्वतः छाटली, स्वतः बांधली, गारपिटीत त्यांच्यावर घरातल्या चादरी टाकल्या. या वर्षी पहिल्यांदा भरघोस फळ आलं. लालभडक, दाताखाली कडाड् वाजणारं.

माल शीतगृहात आला तेव्हा तिनं भावाच्या हातात रोपवाटिकेचा एक कागदही दिला होता. त्यावर लिहिलं होतं की या जातीची फळं पहिले सात दिवस दहा अंशांवर ठेवावीत, मग सावकाश तीनपर्यंत न्यावीत. थंडोबानं तो वाचला आणि हसून टेबलाच्या खणात टाकला. रोपं विकणारे आता आपल्याला थंडी शिकवणार! शिवाय बहिणीचा माल होता. त्यानं रांग मोडली, सगळ्यात चांगलं चेंबर रिकामं करून घेतलं आणि संध्याकाळच्या आत तिची फळं एक अंशावर आणून ठेवली. एवढा मान त्यानं साहेबांच्या मालालाही कधी दिला नव्हता.

चार महिन्यांनी चेंबर उघडलं तेव्हा ताई आणि भाऊजी दोघंही आले होते. फळं बाहेरून दृष्ट लागावी अशी. ताईनं स्वतः सुरी घेतली आणि पहिलं फळ कापलं. आत सालीखाली तपकिरी, ओलसर कडं, स्पंजासारखं मऊ. तिनं दुसरं कापलं, तिसरं कापलं. दहाव्यानंतर सुरी खाली ठेवली आणि भावाकडे पाहिलं.

"जातच ठेवणीची नाही, ताई," थंडोबा म्हणाला. "काही जाती नुसत्या दिसायला देखण्या असतात."

तेव्हा त्याला खरंच तसं वाटलं होतं, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. भाऊजी म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो." आणि तिथंच उभ्या उभ्या ठरलं, की झाडांत रस चढायच्या आधी चारही ओळी बुंध्यावर कापायच्या आणि त्यावर जुन्या जातीची कलमं बांधायची.  ताईनं कापलेली फळं एका पिशवीत गोळा केली, जणू ती कुणाला दिसू नयेत.

तिसऱ्या दिवशी थंडोबा पलीकडच्या चेंबरचा माल काढत होता. कोपऱ्यात एक क्रेट निघाला आणि त्यावर ताईच्या बागेची चिठ्ठी होती. मग त्याला आठवलं. माल भरायच्या दिवशी फोर्कलिफ्टची बॅटरी उतरली होती आणि शेवटचा क्रेट फळं निवडायच्या ग्रेडिंग हॉलमध्येच राहिला होता. आठवडाभर तो तिथं सगळ्यांच्या पायांत आला, म्हणून कुणीतरी जागा दिसेल तिथं ढकलून दिला होता.

त्यानं एक फळ कापलं. आतून पांढरंशुभ्र. दुसरं, तिसरं, पाचवं, सगळी तशीच. झाडं तीच, तोडणी त्याच दिवसाची, चेंबरची थंडीही तेवढीच. फरक एकच. या क्रेटला हॉलमधली सात दिवसांची ऊब मिळाली होती. त्यानं खणातून कागद काढला आणि या वेळी उभ्यानं, ओळीवर बोट ठेवून वाचला. खाली बारीक अक्षरात कारणही दिलं होतं. एकदम थंडी लागली की या जातीच्या पेशींचे पडदे ताठरतात, मग फुटतात. एकीतला रस दुसरीत झिरपतो आणि गर आतल्या आत काळवंडत जातो. सालीला पत्ताही लागत नाही.

त्याच वेळी फोन उचलायला हवा होता. थंडोबानं तो उचलला नाही. उद्या सांगू, म्हणाला. सत्तावीस वर्षं थंडीत मुरलेल्या माणसानं साधा कागद वाचूनही मानला नाही, हे सांगायला जीभ वळेना. आणि मग त्यानं जे केलं त्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटते. क्रेट त्यानं आपल्या खोलीत आणून ठेवला आणि रोज दुपारी डब्यानंतर त्यातली दोन-तीन फळं खायला लागला. पुरावा खाऊन संपवत होता, दुसरं काय! फळं गोड होती. फार गोड होती. मेकॅनिकनं एकदा विचारलं, "डॉक्टरनं सांगितलंय वाटतं?" तर तो हो म्हणाला.

वीस दिवस असे गेले. बुधवारी ताईचा फोन आला.

"शुक्रवारी करवतवाले येतायत," ती म्हणाली. "म्हटलं तुझ्या कानावर घालावं. आणि एक सांगायचं होतं रे. माझ्या हट्टापायी तुझं चेंबर अडलं, तुझ्याकडे माल सडला असं चारचौघांत झालं. मला माफ कर. मला कळायला हवं होतं."

तिचा आवाज फुटला. ताई रडत होती. त्याच्यासमोर ती कधी रडली नव्हती.

"असू दे, ताई," थंडोबा म्हणाला.

फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. तिच्या पाच वर्षांचं त्यानं मातेरं केलं होतं आणि वर मोठ्या मनानं तिलाच माफ केलं होतं. त्या दिवशी त्याला डबा गेला नाही. गुरुवारी त्यानं दुसऱ्या दिवसाची सुट्टी टाकली. फोनवर सांगता आलं असतं, पण असलं तोंडावरच सांगावं, असं त्यानं स्वतःला समजावलं. शुक्रवारी पहाटे निघायचं ठरवून तो आठला निघाला, कारण आधी कामावर जाऊन उगाचच दोनदा चेंबरच्या तापमानाचे काटे तपासून आला.

बागेत पोचला तेव्हा करवत चालू होती. दोन ओळी आडव्या झाल्या होत्या. तिसरीतली चार झाडं पडली होती आणि ताई पडलेल्या फांद्या ओढून बांधाला लावत होती.

"थांबवा!" थंडोबा ओरडला. त्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्यानं स्वतःही नाही. करवत थांबली.

भाऊजी पुढं आले. "काय मेव्हणे, साप-बीप दिसला की काय?"

थंडोबानं उरलेली सहा फळं पिशवीतून काढली आणि त्यांच्यासमोर कापली. सगळं सांगितलं. कागद, एक अंश, मागे राहिलेला क्रेट, रोजची फळं. काही मागे ठेवलं नाही. करवतवाले दोघं ऐकत उभे होते. भाऊजींनी एक फोड तोंडात टाकली, चावली आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

"चुकतो माणूस," ते शेवटी म्हणाले. "दीड ओळ तरी वाचली. जाऊ द्या." आणि करवतवाल्यांना घेऊन ते चहा सांगायला घराकडे गेले.

भाऊजींचं मन मोठं होतं, आणि त्यामुळे थंडोबाला आणखीच मेल्यासारखं झालं.

ताई एका ताज्या बुंध्यावर बसली होती. तिनं फळाला हात लावला नाही.

"बुधवारी मी फोन केला, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी रडत होते तेव्हाही?"

"हो, ताई."

तिनं मांडीवरचा भुसा एका बाजूनं झटकला, मग दुसऱ्या बाजूनं. तिचे डोळे कोरडे होते.

"झाडं पुन्हा लावीन मी," ती म्हणाली. "पाच वर्षं लागतील, लागू देत. पण परवा मी तुझी माफी मागितली ना, ती मला परत दे."

थंडोबानं दोन्ही हात पुढं केले, आणि ते तसेच रिकामे धरून तो तिच्यासमोर उभा राहिला.