हानाची दृष्ट

पौषातली म्हसा गावची जत्रा आटपली तशी मी सासरहून माहेरी शेणव्याला आले, तर माझ्या गोधडीवर हाना बसलेली. ही कोरियाची पोर, मिशनच्या शाळेत वर्षभर शिकवायला आलेली, आमच्याकडेच राहणारी. घरच्या आठवणीने जेवत नव्हती, म्हणून आई मीठ-मिरच्यांनी तिची दृष्ट काढत होती. हाना गळ्यातला क्रूस मुठीत धरून येशूचं नाव घेत निमूट बसली होती.

लग्नानंतर मी महिनाभर रडत होते, तेव्हा आईने नुसता निरोप धाडला होता, होईल सवय.

"तिचं घर लय लांब गो," आई म्हणाली. "करमत नाय तिला."

"ती जूनमध्ये जाईल घरी," मी म्हणाले. "मी कधी जायचं?"

आईच्या मुठीतल्या मिरच्या तशाच राहिल्या.